कांदळांत मधल्या रूपाची झाडं: संकर तर दिसतोय, पण जनुकप्रवाह आहे का?

भरतीरेषा

ऱ्हायझोफोरा अपिक्युलाटा आणि ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा या कांदळाच्या दोन प्रजाती एकाच चिखलपट्ट्यात मिसळून वाढलेल्या आहेत. त्यांत डझनभर झाडं धड ना इकडची ना तिकडची. पानं म्युक्रोनाटापेक्षा अरुंद, फुलोऱ्यात दोन ते चार फुलं, पाकळ्यांच्या कडांना केस आहेत पण विरळ. फुलतात भरपूर, मात्र फांद्यांवर प्रॉपॅग्यूल (झाडावरच रुजून लोंबणारी रोपं) जवळजवळ नाहीत.

हरितलवकातल्या डीएनएचा एक तुकडा वाचून झाला आहे. तो दोन्ही प्रजातींत आणि मधल्या झाडांतही अक्षर न् अक्षर सारखाच आला. यावरून दोन्ही प्रजातींत जनुकप्रवाह (संकरातून एकीची जनुकं दुसरीत मिसळत जाणं) चालू आहे असं एकाचं म्हणणं, तर हा तुकडा काहीच सांगत नाही असं दुसऱ्याचं.

विचारायचं ते असं. रूपावरून संकर म्हणणं कितपत धरून चालेल? पहिल्या पिढीचा संकर आणि बॅकक्रॉस (संकराची पालक प्रजातीशी झालेली संतती) यांत फरक करायला किती मार्कर (डीएनएतल्या ओळखीच्या जागा) लागतात? हरितलवकाच्या निकालाचं काय करायचं? आणि एक व्यवहाराचा प्रश्न: या मिश्र पट्ट्यातून रोपवाटिकेसाठी प्रॉपॅग्यूल गोळा करावेत की नाही?

पुंकेसर

पानं बाजूला ठेवा. ऊन, सावली, खारटपणा या तिन्हींनी कांदळाचं पान बदलतं, आणि एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या फांदीवरची पानं दोन प्रजातींची वाटू शकतात. मोजायचं ते फूल.

अपिक्युलाटाचा फुलोरा पानं गळून गेलेल्या जागी, म्हणजे पर्णगुच्छाच्या खाली येतो. देठ आखूड आणि जाड, फुलं दोन आणि बिनदेठाची, पाकळ्या केसांविना, पुंकेसर बहुधा ११-१२. म्युक्रोनाटाचा फुलोरा पानांच्या बगलेत येतो. तो फांदत जातो, फुलं जास्त आणि देठाची असतात, पाकळीच्या कडा दाट केसाळ, पुंकेसर ८. मधल्या झाडांत ही सगळी लक्षणं एकाच दिशेने मधली यायला हवीत. एकच लक्षण मधलं आणि बाकी सगळी शुद्ध म्युक्रोनाटाची असतील तर तो प्रजातीतलाच फरक असण्याची शक्यता जास्त. दर झाडाची निदान १० फुलं, वेगवेगळ्या फांद्यांवरची, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून भिंगाखाली मोजा. पुंकेसरांची संख्या एका झाडावरही एकदोनाने इकडेतिकडे होते, म्हणून एका फुलावर काही लिहू नका.

कुक्षीवृंताची (कुक्षीखालच्या दांड्याची) लांबी मोजायला विसरू नका. म्युक्रोनाटात तो अगदी आखूड, एक-दोन मिलिमीटरच्या आसपास; ऱ्हायझोफोरा स्टायलोसात ४ ते ६ मिलिमीटर. आसपास स्टायलोसा असेल तर तुमची मधली झाडं अपिक्युलाटा आणि स्टायलोसा यांची, म्हणजे ऱ्हायझोफोरा लामार्काय असू शकतात. तिसरी प्रजाती विचारात न घेता दोघांचाच हिशेब मांडला की पुढची सगळी आकडेमोड वाकडी जाते. दोन पालकांचं गणित करणारं सॉफ्टवेअर तिसऱ्याची जनुकंही त्या दोघांतच वाटून टाकतं.

तुम्ही वर्णन केलेल्या जोडीच्या संकराला नाव आहे: ऱ्हायझोफोरा अन्नामलयाना. तमिळनाडूतल्या पिचावरमच्या खारफुटीतून १९९५मध्ये ती आधी स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदली गेली, संकर असल्याचं नंतर डीएनएवरून ठरलं. फुलं भरपूर आणि प्रॉपॅग्यूल नाहीत हा प्रकारही या कुळात नवा नाही. फिजी आणि न्यू कॅलेडोनियातला ऱ्हायझोफोरा सेलाला तसाच वागतो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या पिढीचं संकर झाड एवढंच सांगतं की एका प्रजातीचा पराग दुसरीच्या कुक्षीवर पोचला आणि बीज जगलं. जनुकप्रवाह म्हणायला त्या संकराने पुन्हा एखाद्या पालक प्रजातीशी संतती करायला हवी, आणि ती संतती वाढून फुलायला हवी. कांदळ दीर्घायुषी असल्यामुळे दर काही वर्षांनी एखादा संकर जन्मला तरी पन्नास वर्षांत डझनभर झाडं साठतात. ती सगळी पहिल्या पिढीची आणि सगळी वांझ असू शकतात. मग पट्ट्यात संकर भरपूर आणि जनुकप्रवाह शून्य अशी अवस्था येते. हिंद-प्रशांत भागातल्या ऱ्हायझोफोरा संकरांत पहिल्या पिढीचेच नमुने पुन्हापुन्हा सापडतात. उलट पनामात ऱ्हायझोफोरा मँगल आणि ऱ्हायझोफोरा रेसिमोसा यांच्यात पहिल्या पिढीच्या पुढचे संकर आणि दोन्ही दिशांचे बॅकक्रॉस मिळाले आहेत. तेव्हा वंश एकच म्हणून एका जोडीचा निष्कर्ष दुसरीला लावू नये.

डीएनएच्या आधी परागकण बघा, खर्च जवळजवळ नाही. कांदळात परागकोश कळीतच फुटतात, म्हणून उमललेलं फूल घेऊन फायदा नाही. उमलायच्या आदल्या दिवसाची पिवळसर कळी घ्या. अलेक्झांडर रंजकात भरलेला परागकण किरमिजी आणि पोकळ परागकण हिरवा दिसतो. झाडागणिक तीन फुलं, फुलागणिक ३०० ते ५०० कण मोजा, आणि शेजारच्या शुद्ध झाडांचीही मोजणी त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या रंजकाने करा. रंजक नेहमी जरा उदार असतो: रंगलेला प्रत्येक कण रुजतोच असं नाही. रुजवण बघायची तर ब्रूबेकर-क्वॅक माध्यम वापरा. त्यात साखर १० टक्के, लिटरला बोरिक ॲसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २०० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम. साखरेचं प्रमाण ५ ते २० टक्क्यांत बदलून बघावं लागतं, कारण परागकण फुटून आतला ऐवज बाहेर आला तर दोष बहुधा साखर कमी पडल्याचा असतो. शुद्ध झाडाचा परागही रुजला नाही, तर तुमचं माध्यम नापास झालं आहे. संकर वांझ असल्याचा तो पुरावा नव्हे.

दोन्ही प्रजातींची गुणसूत्रं ३६च आहेत, मग संकर वांझ का, असं पुढे कोणीतरी विचारेलच. संख्या जुळली म्हणजे मांडणी जुळली असं नाही. एखादा तुकडा उलटा किंवा दुसऱ्या गुणसूत्रावर गेलेला असला की पराग बनताना जोड्या नीट लागत नाहीत. शिवाय एकेकट्या प्रजातीत निमूट चालणारी दोन जनुकं एकत्र आली की बिघाड करतात, असंही होतं.

सीटॅब६५

हरितलवकाच्या वादात दुसरी व्यक्ती बरोबर आहे. सपुष्प वनस्पतींत हरितलवक बहुधा आईकडूनच येतो आणि फार सावकाश बदलतो. तुकडा सारखा येण्याची तीन कारणं असू शकतात: तो तुकडा दोन्ही प्रजातींत अजून बदललेलाच नाही, दोघींच्या पूर्वजात जे प्रकार होते ते अजून छाटले गेलेले नाहीत, किंवा कधीकाळी संकरातून एकीचा हरितलवक दुसरीत शिरला. पहिलं कारण इतकं साधं आहे की ते आधी खोडल्याशिवाय तिसऱ्याचं नाव काढू नये. दोन्ही प्रजातींची अशी झाडं घ्या जिथे दुसरी प्रजाती आसपास नाही, आणि त्यांत फरक दाखवणारा हरितलवकाचा भाग शोधा. तसा सापडला तर तो संकरांत लावा, म्हणजे आई कोण हे कळेल. दहाच्या दहा संकरांची आई एकच प्रजाती निघाली, तर तसं योगायोगाने होण्याची शक्यता ०.२ टक्के. पण त्यावरून लगेच दुसरी दिशा बंद आहे असंही म्हणू नका. जी प्रजाती संख्येने कमी, तिच्या कुक्षीवर परक्याचा पराग जास्त पडतो, म्हणून संकरांची आई बहुधा अल्पसंख्याच निघते.

मार्करचा हिशेब घरी करता येतो. निदानक्षम मार्कर म्हणजे ज्याचं एक रूप एका प्रजातीत शंभर टक्के आणि दुसरं दुसरीत शंभर टक्के. पहिल्या पिढीचा संकर अशा प्रत्येक मार्करवर विषमयुग्मी असतो, म्हणजे दोन्ही प्रजातींचं एकेक रूप बाळगतो. पहिला बॅकक्रॉस सरासरी निम्म्यांवर, दुसरा पावांवर, तिसरा आठव्या हिश्श्यावर. म्हणजे पाच मार्कर घेतले तर पहिला बॅकक्रॉस हुबेहूब शुद्ध दिसण्याची शक्यता ३ टक्के, दुसरा दिसण्याची २४ टक्के, आणि तिसरा दिसण्याची ५१ टक्के. नाणं उडवण्यासारखंच. वीस मार्करवर दुसरा ०.३ टक्क्यांवर येतो आणि तिसरा ७ टक्क्यांवर. पन्नासवर तिसरा ०.१ टक्क्यावर, पण चौथा अजून ४ टक्के निसटतो. हे आकडेही आशावादी आहेत, कारण गुणसूत्रांच्या जोड्या १८च. मार्कर वाढवत नेले की काही एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसतात आणि एकत्रच वारसात जातात.

थोडक्यात, संकर आहे का यासाठी पाच पुरतात. जनुकप्रवाह आहे का यासाठी पाच म्हणजे काहीच नाही.

पलीकडची चूकही आहे. वाचनात दर मार्करला १ टक्का चूक धरली, तर पन्नास मार्करवर निदान एक तरी खोटी विषमयुग्मता दिसण्याची शक्यता ३९ टक्के. म्हणून एका मार्करवर विषमयुग्मी दिसलेलं झाड बॅकक्रॉस ठरवू नका. तिसऱ्या बॅकक्रॉसमध्ये पन्नासपैकी सहाच्या आसपास यायला हवेत. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना पानापासून पुन्हा काढा आणि चुकीचा स्वतःचा दर मोजा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका.

नमुने कसे घ्यायचे यात बहुतेक अभ्यास फसतात. मधली दिसणारी झाडं तेवढी वेचून आणली की रूपाने शुद्ध दिसणारे बॅकक्रॉस बाहेरच राहतात, आणि नेमके तेच हवे असतात. पट्ट्यात आखलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने येईल ते झाड घ्या, मधली झाडं वेगळी म्हणून नोंदवा. शिवाय दोन्ही प्रजातींची निदान ३०-३० झाडं दुसरी प्रजाती नसलेल्या ठिकाणची हवीत. मिश्र पट्ट्यातलीच शुद्ध दिसणारी झाडं संदर्भ म्हणून धरली तर बॅकक्रॉस संदर्भातच मिसळतात आणि मग काहीच वेगळं दिसत नाही.

पान कोवळं घ्या, मीठ पुसा, अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या करा आणि पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये घाला. कांदळाचं पान जाड असल्याने अख्खं ठेवलं तर आतून कुजतं. चोवीस तासांत मोडल्यावर कट्‌ आवाज यायला हवा. तोवर जेलचा रंग बदलला तर जेल बदला.

डीएनए काढणीसाठी सीटॅब (पेशी फोडणारं रसायन) २ टक्के, मीठ १.४ मोलर, ट्रिस १०० मिलिमोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, पीव्हीपी २ टक्के, सामू ८, आणि वापरायच्या क्षणी बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांवर ४५ मिनिटं. कांदळात टॅनिन आणि चिकट पॉलिसॅकराइड दोन्ही भरपूर असतात, म्हणून सीटॅबच्या आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणाने भुकटी दोन-तीनदा धुवा, वरचं पाणी चिकट लागेनासं होईपर्यंत. डीएनएचा गोळा तपकिरी आला तर पॉलिफिनॉल डीएनएला चिकटले आहेत. तो कितीही विरघळवला तरी पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडतो, तेव्हा नवीन पान घेणं स्वस्त. डीएनएचं मोजमाप फ्लुरोमीटरने करा. शोषणावरचं यंत्र आरएनए आणि अशुद्धी यांनाही डीएनएत धरतं आणि आकडा फुगवतं.

भरतीरेषा

आभार. हाताशी मायक्रोसॅटेलाइटचे (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांचे) १२ मार्कर आहेत, अपिक्युलाटावरून बनवलेले. त्यांतले जेमतेम ५ निदानक्षम वाटतात. काही मधली झाडं दोन मार्करवर अपिक्युलाटाची शुद्ध समयुग्मी (दोन्ही रूपं अपिक्युलाटाचीच) येतात. म्हणजे हे बॅकक्रॉस धरायचे का? न्यूहायब्रिड्स हे संकरांचे वर्ग लावणारं सॉफ्टवेअर चालवायचा विचार आहे.

सीटॅब६५

थांबा. अपिक्युलाटावरून बनवलेले प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) म्युक्रोनाटाच्या डीएनएवर नीट बसले नाहीत, तर संकरातला म्युक्रोनाटाकडून आलेला अर्धा भाग पीसीआरमध्ये दिसतच नाही. संकर विषमयुग्मी असूनही अपिक्युलाटाचा समयुग्मी दिसतो, आणि पहिली पिढी बॅकक्रॉसचं सोंग घेते. ओळखायची खूण: शुद्ध म्युक्रोनाटाच्या झाडांत त्याच मार्करवर बरेच नमुने कोरे येतात का ते बघा. येत असतील तर ते दोन मार्कर टाका.

न्यूहायब्रिड्स चालवा, पण ते सहाच वर्ग ओळखतं: दोन शुद्ध, पहिली पिढी, दुसरी पिढी आणि दोन बाजूंचे पहिले बॅकक्रॉस. त्यापलीकडचं झाड ते यांतल्याच कुठल्यातरी खणात कोंबतं. स्ट्रक्चर किंवा ॲडमिक्स्चर या सॉफ्टवेअरच्या रंगीत पट्ट्यांवरही एकट्यावर भिस्त नको. नमुन्यात एका प्रजातीची १०० आणि दुसरीची १० झाडं असतील, किंवा एकाच आईची पिल्लं जास्त असतील, तर पट्ट्या खोट्या मिसळलेल्या दिसतात.

त्रिकोणी आलेख काढा. आडव्या अक्षावर संकर निर्देशांक (झाडात एका प्रजातीच्या जनुकांचा वाटा), उभ्यावर आंतरप्रजातीय विषमयुग्मता (किती हिश्श्याच्या मार्करवर दोन्ही प्रजातींची रूपं आहेत). पहिली पिढी टोकावर, ०.५ आणि १. दुसरी पिढी ०.५ आणि ०.५. पहिले बॅकक्रॉस डाव्या-उजव्या कडेच्या मध्यावर: ०.२५ किंवा ०.७५, आणि उंची ०.५. संकर निर्देशांक ०.५ हे एकटं पहिल्या पिढीचं लक्षण नाही, उंची बघितल्याशिवाय दुसरी पिढी वेगळी होत नाही. सगळे संकर टोकाशी गोळा झाले तर पुंकेसर यांचं म्हणणं खरं.

पैसे असतील तर संपूर्ण जनुकसंचातले हजारो एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) घ्या, पण दोन सापळे लक्षात ठेवा. अपिक्युलाटाच्या जनुकसंचावर सगळे तुकडे बसवले तर म्युक्रोनाटाचे तुकडे थोडे जास्त गळतात आणि संकरांची विषमयुग्मता खाली येते. दोन्ही संदर्भांवर एकदा एकदा बसवून ताडून बघा. दुसरं, या कुळाच्या पूर्वजांत फार पूर्वी अख्खा जनुकसंच दुप्पट झालेला आहे. त्यामुळे दोन वेगळ्या जागांचे तुकडे एकावर एक बसतात आणि सगळीच झाडं विषमयुग्मी दिसतात. शुद्ध संदर्भ-झाडं ज्या एसएनपीवर घाऊक विषमयुग्मी दिसतात, ते एसएनपी फेकून द्या.

जुना जनुकप्रवाह शोधायचा तर एबीबीए-बीएबीए चाचणी. चार जागा भरायच्या: एकट्याने वाढणारी म्युक्रोनाटा, मिश्र पट्ट्यातली म्युक्रोनाटा, अपिक्युलाटा, आणि बाहेरचं म्हणून ब्रुगिएरा (याच कुळातला दुसरा वंश). मिश्र पट्ट्यातल्या म्युक्रोनाटाची अपिक्युलाटाशी सामायिक रूपं एकटीपेक्षा लक्षणीय जास्त भरली तर देवाणघेवाण झाली आहे. झेडचं मूल्य (फरक त्याच्या चुकीच्या किती पट आहे तो आकडा) ३च्या वर हवं, आणि चूक काढायला जनुकसंचाचे मोठे खंड एकेक वगळून बघायचे, सुटे एसएनपी नव्हे. ही चाचणी केव्हा आणि कुठल्या दिशेने ते सांगत नाही. सध्याच्या जिवंत संकरांबद्दल तर काहीच नाही.

पिशवीबंद

प्रयोगशाळेवर सगळा भार टाकू नका. हाताने परागण केल्याशिवाय अडथळा कुठे आहे हे कळत नाही. पराग पोचतच नाही, पोचून रुजत नाही, रुजून बीजांडापर्यंत जात नाही, की बीज बनून मरतं, या चारही गोष्टींचा डीएनएमधला निकाल एकच: संकर कमी.

कांदळात फुलातला नर, म्हणजे परागकोश, काढून टाकणं अवघड आहे, कारण परागकोश कळीतच फुटतात. कळी अजून हिरवी आणि घट्ट असताना निदलांच्या फटीत पातं घालून एक निदल दूर करा आणि बिनदेठाचे परागकोश चिमट्याने उचला. भिंगाखाली एकही फुटलेला परागकोश दिसला तर ती कळी मोजणीतून बाद. म्युक्रोनाटात पाकळीच्या केसांत पराग अडकतो, म्हणून पाकळ्याही काढा.

पिशवीसाठी मच्छरदाणी चालणार नाही. ऱ्हायझोफोरात पराग मुख्यतः वाऱ्याने जातो आणि कण सुमारे २० मायक्रोमीटरचा, जाळीतून तो सहज आरपार जातो. परागणासाठी मिळणाऱ्या न विणलेल्या पॉलिस्टरच्या पिशव्या घ्या. बटर पेपर उन्हात घामेजतो, बुरशी धरते आणि कळी गळते. मग ती गळ संकराच्या नावावर जमा होते. फांदी भरतीच्या सर्वांत उंच रेषेच्या वरची निवडा.

कुक्षी केव्हा तयार असते ते हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के लावून बुडबुड्यांवरून बघता येतं, पण ती फुलं प्रयोगाला वापरू नका. खात्री नसेल तर उमलल्यावर तीन दिवस रोज पराग लावा. गट पाच हवेत: स्वतःचा पराग, त्याच प्रजातीच्या दुसऱ्या झाडाचा, दुसऱ्या प्रजातीचा, संकराचा, आणि नर काढून पिशवीत नुसती ठेवलेली. शेवटच्या गटात फळ धरलं तर पिशवी गळकी आहे किंवा नर नीट काढलेला नाही, बाकी आकडे वाचायचीही गरज नाही. दोन्ही प्रजाती आळीपाळीने आई करा.

किती फुलं? कांदळात मोकळ्या फुलांचीही फळधारणा फार कमी. समजा ती ५ टक्के आहे. मग ४० फुलांवर संकर-परागण करून शून्य आलं, तर काहीही अडथळा नसतानाही तसं होण्याची शक्यता १३ टक्के. ६० फुलांवर ती ५ टक्क्यांखाली येते. तेव्हा दर गटाला १०० फुलं, निदान पाच झाडांवर वाटून. हे जमणार नसेल तर फळांची वाट न बघता परागनलिका बघा: परागणानंतर २४ आणि ४८ तासांनी कुक्षीवृंत काढून जतन करा, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करा, ०.१ टक्का ॲनिलिन ब्लूने रंगवा आणि अतिनील प्रकाशात बघा. नलिकेतला कॅलोज हा पदार्थ चमकतो, नलिका कुठे थांबली ते तिथेच दिसतं. टॅनिनमुळे कांदळाची ऊती स्वतःच गडद होते, म्हणून मऊ करण्याचा वेळ वाढवून द्रावण एकदोनदा बदला.

अडथळा परागाच्या वाटेवर आहे असं आधीच गृहीत धरणाऱ्यांसाठी एक उदाहरण. मध्य अमेरिकेतल्या कोस्टस पल्वरुलेंटस आणि कोस्टस स्केबर या दोन्ही वनस्पतींचं परागण हमिंगबर्ड करतात, तरी संकर दुर्मीळ. कारण फुलांची घडण आणि परागणानंतरचे अडथळे. परागवाहक तोच म्हणून जनुकप्रवाह असणारच, हा तर्क तिथेच मोडतो.

पुंकेसर यांच्या मांडणीत एक दुरुस्ती. फुललेल्या झाडांत बॅकक्रॉस नाही सापडला म्हणून जनुकप्रवाह शून्य, असं लिहू नका. ६० झाडं तपासून एकही नाही मिळाला, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. ढोबळ सूत्र: तीन भागिले नमुन्यांची संख्या. आणि लोकसंख्याशास्त्रीय जनुकविज्ञानात पिढीला एखादा परका आला तरी दोन समूह फारसे दुरावत नाहीत. म्हणजे ५ टक्के ही मर्यादा पुष्कळ ढिली आहे. रोपं आणि आईसकट प्रॉपॅग्यूल तपासणं जास्त फायद्याचं: १५ आया, प्रत्येकी २० प्रॉपॅग्यूल, म्हणजे ३०० नमुने आणि मर्यादा १ टक्क्यावर. फक्त एवढं की एका आईचे २० हे वीस स्वतंत्र नमुने नव्हेत, त्यांचा परागवर्षाव एकच. म्हणून आया वाढवा, प्रॉपॅग्यूल कमी केले तरी चालतील.

पुंकेसर

दुरुस्ती मान्य. 'शून्य' हा शब्द मागे घेतो, 'आढळला नाही' असं वाचावं.

खारवट

रोपवाटिकेचा प्रश्न सगळ्यांनी सोडलाच.

मिश्र पट्ट्यातून घेऊ नका, पण संकराच्या भीतीने नव्हे. वांझ संकर लावायला प्रॉपॅग्यूलच मिळत नाहीत, त्यामुळे तो धोका आपोआप आटोक्यात आहे. खरी अडचण अशी की शुद्ध आईवर लागलेला प्रॉपॅग्यूल पहिल्या पिढीचा संकर असू शकतो आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. तो लावला तर चांगला वाढेल, फुलेल, आणि तीस वर्षांनी पट्टा स्वतःला भरून काढणार नाही. दुसरी प्रजाती जिथे नाही अशा ठिकाणच्या २०-३० आया निवडा, एकमेकींपासून दूर, आणि प्रत्येकीकडून सारखी संख्या घ्या. पिकल्याची खूण बीजपत्रांच्या कंठावर (फळाला लागून असलेल्या कड्यावर) दिसते, म्युक्रोनाटात तो पिवळा, अपिक्युलाटात लालसर होतो. हिरव्या कंठाचा ओढून काढलेला प्रॉपॅग्यूल रोपवाटिकेत बराच मरतो.

पट्ट्यातले संकर तोडायच्या फंदात पडू नका. दोन देशी प्रजातींनी स्वतःहून केलेला संकर आणि माणसाने आणून घातलेला संकर यांत फरक आहे. तैवानातला रानभात लागवडीच्या भाताशी संकरित होत होत जवळजवळ संपला, आणि फ्लोरिडातल्या देशी लँटाना डिप्रेसाला बागेतून सुटलेल्या लँटाना कमाराने ग्रासलं. तिथे एका बाजूची संख्या प्रचंड होती आणि संकर प्रजननक्षम होते. तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत असं अजून तरी दिसत नाही. पण लागवड करताना एकाच प्रजातीची हजारो रोपं दुसरीच्या थोड्या झाडांभोवती लावली, तर तीच स्थिती तयार कराल. अल्पसंख्य प्रजातीच्या कुक्षींवर परकाच पराग पडत राहील, आणि संकर वांझ असले तरी तिची फुलं त्यांच्यावर वाया जातील. जनुकं न मिसळताही प्रजाती अशी घटते.

भरतीरेषा

म्हणजे क्रम असा धरतो: आधी फुलांची मोजणी आणि परागकण, मग कोऱ्या येणाऱ्या मार्करची तपासणी, मग रेषेवरचे नमुने. सध्या झाडांवर असलेले थोडे प्रॉपॅग्यूल मधल्या झाडांचे आहेत, तेही घ्यायचे ना?

सीटॅब६५

तेच सगळ्यांत आधी. आई पहिल्या पिढीची संकर असेल आणि तिसरी प्रजाती आसपास नसेल, तर तिचा प्रत्येक प्रॉपॅग्यूल म्हणजे दुसरी पिढी किंवा बॅकक्रॉस. पाच मिळाले तरी पाचही घ्या. प्रॉपॅग्यूलच्या टोकाचा कोवळा कोंब कापून सिलिकात घाला, उरलेला रुजवायला लावा. शेंडा कापलेला कांदळ अनेकदा पुढे वाढत नाही, म्हणून निम्मे प्रॉपॅग्यूल न कापता लावा आणि त्यांचं पहिलं पान आल्यावर नमुना घ्या. आई कोणती ते प्रत्येक पिशवीवर पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलने जाते.